श्रवणदोषावरच्या संशोधनासाठी गाण्यांचा कार्यक्रम : पैसे नेमके कुणाला द्यावेत?

स्वरमेळ
नमस्कार मंडळी. पार्ल्यात आमचा हौशी गायक-वादकांचा गट आहे. दरवर्षी दिवाळीनंतर एक कार्यक्रम करतो. भावगीतं, नाट्यपदं, थोडी जुनी सिनेमातली गाणी. प्रवेश आजवर मोफत असायचा. यंदा तिकीट लावावं आणि खर्च वजा जाता उरेल ते सगळं श्रवणदोषावरच्या संशोधनाला द्यावं, असं घाटतंय.

कारण घरचंच आहे. आमच्या व्हायोलिनवादक काकांना गेल्या पावसाळ्यात एका सकाळी डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं. आता त्या कानात अखंड शिटी वाजते म्हणतात. अजून वाजवतात आणि सुंदर वाजवतात, पण तार लावताना शेजारच्याला विचारून घेतात. डॉक्टरांना विचारलं, का झालं? म्हणाले, बऱ्याच रुग्णांत कारण सापडतच नाही. हे उत्तर आम्हा सगळ्यांच्या मनात राहिलंय.

प्रश्न असा की दीड-दोन लाख रुपये संशोधनात कुठे पुरणार? आणि द्यायचे तर कुणाला? की सरळ गरजू मुलांना श्रवणयंत्रं घेऊन द्यावीत? माझं मत सांगते. यंत्रांसाठी देणारे हात बरेच असतात, संशोधनासाठी मागायला गेलं की लोक गप्प होतात. म्हणून मला दुसऱ्या बाजूला उभं राहावंसं वाटतं. कुणी मुंबईत असं काही केलं असेल तर अनुभव सांगा.

माहीमकर
उपक्रम छान. तिकिटं निघाली की इथे सांगा, चार माझी.

गिरगावचा_ढोल
ताई, मन मोडायचं नाही, पण माझं मत उलटं आहे. ज्या मुलाला आज ऐकू येत नाही त्याला आज यंत्र हवं. संशोधनाचं फळ वीस वर्षांनी. आमचं मंडळ वैद्यकीय मदत करतं तेव्हा एकच बघतं, पैसा गेला आणि माणूस उभा राहिला हे डोळ्यांनी दिसलं पाहिजे. वर्गणी देणाऱ्यालाही तेच पटतं.

कर्णिका
मी ऑडिओलॉजिस्ट आहे. आधी काकांच्या निमित्ताने सगळ्यांसाठी एक. अचानक एका कानाने ऐकू येणं कमी झालं तर ती तातडीची वेळ समजा. मळ असेल, सर्दी असेल, बघू दोन दिवस, असं करू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. स्टिरॉइडचा उपचार जितका लवकर तितका उपयोगाचा, पहिल्या दोन आठवड्यांनंतर शक्यता झपाट्याने कमी होते. गायिका अलका याज्ञिक यांनी जून २०२४ मध्ये स्वतः जाहीर केलं होतं की विमानातून उतरल्यावर त्यांना अचानक ऐकू येईना. विषाणूसंसर्गामुळे आतल्या कानाच्या नसेशी संबंधित श्रवणदोष झाल्याचं निदान झालं. तेव्हाच त्यांनी मोठ्या आवाजातलं संगीत आणि हेडफोन यांच्याबद्दलही लोकांना सावध केलं.

आता मूळ प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात ४३ कोटींहून जास्त माणसांना उपचाराची किंवा पुनर्वसनाची गरज पडावी इतका श्रवणदोष आहे. २०५० पर्यंत हा आकडा ७० कोटींवर जाईल. नुसती यंत्रं वाटून हे आवरणार नाही. गिरगावच्या दादांचं म्हणणं मला रोज ओपीडीत पटतं, तरीही हे लिहितेय.

मिक्सरवाला
माझं पोट साउंडवर चालतं, म्हणून थोडं परखड लिहितो. कानांसाठी पैसे गोळा करायचे आणि त्याच हॉलमध्ये पहिल्या चार रांगांचे कान फोडायचे, हे होऊ देऊ नका. मी हे होताना पाहिलंय.

८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागेसाठी धरलेली मर्यादा. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ला चार तास, ९१ला दोन, आणि १००ला फक्त १५ मिनिटं. आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी मानक काढलं, त्यात १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असं आहे. ही शेवटची हद्द झाली, तिथवर पोहोचायची काही गरज नाही. भावगीतांना पुढच्या रांगेत ८० ते ८५ भरपूर होतं. स्पीकर स्टेजच्या कडेला खाली ठेवू नका, वर टांगा, म्हणजे पुढच्यांवर मारा होत नाही आणि मागच्यांना शब्द कळतात. स्टेजवरचे मॉनिटर (वादकांकडे तोंड केलेले स्पीकर) हळू ठेवा, वादकांचे कान तिथेच जातात. आवाज मोजायचं मीटर माझ्याकडे आहे. त्या दिवशी मिक्सरवर मी बसतो, पैसे नकोत.

कांदेपोहे
आणि निवेदक मोजकं बोलणारा घ्या. त्याने सगळ्यांचेच कान वाचतील. 😀

माहीमकर
@कांदेपोहे अगदी! दोन गाण्यांच्या मध्ये कवीचं पूर्ण चरित्र नको.

दादरचे_नाना
मी सत्तरी ओलांडलेला आहे आणि दोन्ही कानांत यंत्र आहे. शिवाजी मंदिरला नाटक बघणं मी याच कारणाने कमी केलं. लोकांना वाटतं यंत्र लावलं की सगळं पूर्ववत होतं. तसं नसतं. आवाज येतो, शब्द येत नाहीत. स, फ, थ ही अक्षरं आधी हरवतात, बायकांचे आणि मुलांचे आवाज अवघड जातात. गाण्यात तर आणखी निराळंच. पेटीचा लांब सूर किंवा बासरी लागली की यंत्राला वाटतं ही आपलीच शिटी, आणि ते दाबायला बघतं. मग सूर थरथरतो. गाणारा बेसूर आहे की माझं यंत्र, हे कळत नाही.

स्वरमेळताई, आमच्यासारख्यांना बोलावणार असाल तर शब्द पडद्यावर दाखवा. एवढं केलंत तरी मी माझ्या सगळ्या कट्ट्याला घेऊन येईन.

कर्णिका
नाना, तुमच्या ऑडिओलॉजिस्टला संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम लावून द्यायला सांगा. त्यात फीडबॅक, म्हणजे यंत्राची शिटी, दाबणारी सोय मंद करता येते. बऱ्याच यंत्रांत हे जमतं, रुग्णाने मागितल्याशिवाय मात्र सहसा कुणी करत नाही. आणि यंत्रात टी-कॉइल (चुंबकीय लहरी टिपणारी छोटी गुंडाळी) असेल तर लूप, म्हणजे त्या लहरी सोडणारी तार, बसवलेल्या सभागृहात माइकचा आवाज थेट यंत्रात येतो. दादर-पार्ल्याच्या नाट्यगृहांत हे सर्रास असायला हवं, असं मला फार वाटतं.

शांत_समुद्र
मी जन्मापासून ऐकत नाही. हा धागा सकाळपासून वाचतोय.

संशोधनाला माझा विरोध नाही. पण असे कार्यक्रम मी पाहिले आहेत. मुलांना स्टेजवर उभं करतात, उदास संगीत लावतात (असं मला बायकोने सांगितलं, तिला थोडं ऐकू येतं), लोक डोळे पुसतात, पाकिटात पैसे टाकतात. ज्याच्या नावाने हे चाललंय त्याला हॉलमध्ये काय चाललंय याचा पत्ता नसतो. मुंबईत कर्णबधिर मुलांची शाळा १८८५ मध्ये सुरू झाली. एवढ्या जुन्या शहरात आमच्यासाठी एक दुभाष्या उभा करणं अजून नवल मानलं जातं.

तुमच्या कार्यक्रमात माझ्यासारख्याला जागा आहे का, ते आधी सांगा. मग पैसे कुणाला द्यायचे यावर बोलू.

स्वरमेळ
@शांत_समुद्र जागा आहे, आणि तुमचा प्रश्न माझ्या प्रश्नाच्या आधीचा आहे. पडद्यावर शब्द, सांकेतिक भाषेचा दुभाष्या, दोन्ही करू. मुलांना स्टेजवर उभं करणार नाही. पण तुम्ही आलात तर तुम्हाला त्यातलं काय आवडेल, हे मला खरंच समजून घ्यायचंय.

शांत_समुद्र
तबला. फुगा दोन्ही हातांत धरला की ताल बोटांना कळतो. लाकडी जमीन असेल तर पायांनाही. एव्हलिन ग्लेनी नावाची स्कॉटिश तालवादक आहे, बाराव्या वर्षापर्यंत तिचं ऐकणं जवळजवळ गेलं होतं. ती जगभर वाजवते, अनवाणी, जमिनीतून ताल घेत. मला पुढे, तबल्याच्या बाजूला खुर्ची द्या.

गिरगावचा_ढोल
हे वाचून अंगावर काटा आला. दादा, पाडव्याच्या शोभायात्रेला या, आमच्या पथकात तुम्हाला ताल शोधावा लागणार नाही!

मिक्सरवाला
@गिरगावचा_ढोल विषय काढलाच आहेस तर, पथकातली पोरं इअरप्लग घालतात का? ताशाच्या शेजारी दोन महिने सराव, मग मिरवणुका. पंचविशीतल्या पोराच्या कानात शिटी सुरू झालेली मी बघितलीय.

गिरगावचा_ढोल
घालत नाहीत. ताल कळणार नाही म्हणतात.

कर्णिका
कळतो. फोमचे प्लग वरचे सूर जास्त दाबतात म्हणून सगळं बुजल्यासारखं वाटतं. वादकांसाठी फिल्टरवाले प्लग मिळतात, ते सगळे सूर जवळपास सारखे कमी करतात. कोल्डप्लेच्या ख्रिस मार्टिनलाही कानातल्या शिटीचा त्रास आहे, तो हे जाहीरपणे बोलतो. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या केसपेशी एका कानात जेमतेम १५-१६ हजार असतात, जन्मतःच मिळतात, आणि माणसात एकदा मेल्या की परत येत नाहीत.

लॅबकरी
इथे थोडी भर घालतो, कारण स्वरमेळताईंच्या प्रश्नाचं मूळ इथेच आहे. पक्ष्यांमध्ये या केसपेशी परत उगवतात. कोंबडीत हे १९८०च्या दशकात दिसलं. सस्तन प्राण्यांत ते का होत नाही, हा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. दुसरीकडे, ओटोफर्लिन नावाचं प्रथिन तयार न झाल्याने जन्मजात ऐकू न येणाऱ्या सहा मुलांना शांघायमध्ये जनुकोपचार दिले गेले. निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत जनुक थेट आतल्या कानात. सहापैकी पाच जणांना ऐकू येऊ लागलं. हे जानेवारी २०२४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं.

पण आपल्याकडे जन्मजात श्रवणदोषाच्या आनुवंशिक कारणांत सर्वात जास्त वेळा सापडणारं जनुक दुसरंच आहे, जीजेबी२. त्यातही युरोपात जो बदल जास्त दिसतो तो आपल्याकडे क्वचित, आपल्याकडे वेगळा बदल जास्त. म्हणजे तिकडचं संशोधन जसंच्या तसं इकडे बसेलच असं नाही. इथल्या लोकांवरचा अभ्यास इथेच व्हायला हवा. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत आतल्या कानाच्या घडणीवर काम चालतं, म्हैसूरला १९६५ पासून वाक-श्रवण संस्था आहे, आणि आपल्या वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून अली यावर जंग ही वाक-श्रवण संस्था आहे.

कांदेपोहे
म्हणजे कोंबड्यांना डीजे चालतो.

लॅबकरी
@कांदेपोहे कान परत येतील, अंडी येतील का सांगता येत नाही. 😀

शिवडीची_ताई
संशोधनाचं फळ वीस वर्षांनी, असं वर एकांनी लिहिलंय. मला त्यावर बोलायचंय.

माझ्या भावाला औषधांना दाद न देणारा टीबी झाला होता. तेव्हा रोज इंजेक्शन असायचं. टीबी बरा झाला, कान गेले. दोन्ही. आम्हाला कुणी आधी सांगितलं नाही, मध्ये कधी कानांची तपासणी केली नाही. तो गात होता हो. चाळीतल्या भजनात पेटी तोच वाजवायचा.

२०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कानामायसिनसारखी ती इंजेक्शनं देऊ नका, गोळ्यांवर उपचार करा, असं सांगितलं. ते कुणाच्या मनात आलं म्हणून सांगितलं नाही. हजारो रुग्णांच्या नोंदी कुणीतरी ठेवल्या, तपासल्या, ताडून बघितल्या, म्हणून ते ठरलं. आज माझ्याच वस्तीतल्या मुली तोच टीबी गोळ्यांनी बऱ्या होतात आणि त्यांना ऐकू येतं. भावाला त्याचा उपयोग नाही झाला. पण यंत्राने जे त्याला परत मिळालं नाही, ते या मुलींचं गेलंच नाही. स्वरमेळताई, तुम्ही संशोधनालाच द्या.

माहीमकर
ताई, काय लिहावं सुचत नाही. भावाला नमस्कार सांगा.

गिरगावचा_ढोल
ताई, हे मला माहीत नव्हतं. विचार करतो.

हिशेबनीस
मी सीए आहे, ट्रस्टची कामं करतो. भावनेच्या भरात पावतीपुस्तक छापण्याआधी हे वाचा.

तुमचा गट नोंदणीकृत नसेल तर लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करताना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१सी लागू होतं. गणेशमंडळं घेतात तीच परवानगी. वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयाचं काम ऐनवेळी नेऊ नका. त्याहून सोपं म्हणजे पैसा ज्याला द्यायचा त्या नोंदणीकृत ट्रस्टनेच तो थेट आपल्या खात्यात घ्यावा, तुम्ही फक्त गाणी करावीत.

दुसरं, तिकीट म्हणजे देणगी नव्हे. प्रेक्षकाला बदल्यात कार्यक्रम मिळतो, म्हणून तिकिटावर ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत नाही. ज्याला वर द्यायचंय त्याची देणगी वेगळी घ्या, वेगळी पावती. २००० रुपयांच्या वर रोख दिली तर सवलत नाही. तिकीट ५०० रुपयांपर्यंत ठेवलं तर जीएसटी लागत नाही. आणि सिनेमातली गाणी गाणार असाल तर आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी संस्था) लायसन्स काढा. धर्मादाय कार्यक्रम आहे म्हणून ते माफ होत नाही, तिकीट लावलं की तर नाहीच.

समजा ६०० तिकिटं ३०० रुपयांनी गेली, तर १ लाख ८० हजार. हॉल, साउंड, लायसन्स, वादकांचं मानधन काढा आणि बघा काय उरतं. खरा पैसा तिकिटात नसतो, स्मरणिकेच्या जाहिरातींत आणि वेगळ्या देणग्यांत असतो. मॅरेथॉनला धावणारे तेच करतात. धावण्याची फी वेगळी, आणि ओळखीपाळखीतून संस्थेसाठी जमवलेला पैसा वेगळा.

स्वरमेळ
बाप रे. हे सगळं प्रिंट काढून ठेवतेय. मनापासून आभार.

बदलापूरची_आई
माझ्या मुलीला केंद्राच्या एडिप योजनेतून (दिव्यांगांना साधनं देणारी योजना) कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं यंत्र, बसलं. शस्त्रक्रियेला आमचे पैसे गेले नाहीत, त्याबद्दल कायम ऋणी आहे. पण यंत्र बसलं तिथे काम संपत नाही, तिथून सुरू होतं. बदलापूरहून थेरपीला लोकलने जायचं, लेडीज डब्यात तिचं मशीन सांभाळत. केबल तुटली की पैसे, बॅटरीला पैसे. आणि थेरपीत शिकवलेले शब्द पुस्तकी, घरात आम्ही आगरी बोलतो. सासूबाई बोलल्या की ती गोंधळून माझ्याकडे बघायची. आपापल्या बोलीत मुलांना कसं शिकवावं, यावर कुणी अभ्यास करतं का? हेही संशोधनच ना?

गाण्याचं म्हणाल तर तिला ढोलकी फार आवडते.

कर्णिका
ताई, हे अस्सल संशोधन आहे आणि याला प्रयोगशाळाही लागत नाही. ढोलकीचं कारणही आहे. इम्प्लांटमध्ये फार तर बावीसेक इलेक्ट्रोड हजारो केसपेशींचं काम करतात, त्यामुळे ताल छान पोहोचतो, सुरांचे बारीक चढउतार मात्र नीट पोहोचत नाहीत.

स्वरमेळताई, तुमच्या दीड-दोन लाखांना जागा कुठे आहे ते आता सांगते. जनुकोपचाराला तुमचा पैसा समुद्रात जाईल. पण नवजात बाळांची श्रवणतपासणी घ्या. नियम साधा आहे : एक महिन्यात चाचणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचार सुरू. पहिल्या चाचणीत शंका आली की बाळाला पुन्हा बोलावतात, आणि कितीतरी आया परत येतच नाहीत. गावी गेली, फोन बदलला, मजुरी बुडते, सासरचे म्हणतात आमच्याकडे मुलं उशिराच बोलतात. आधीच वेळ ठरवून दिली, फोन केला, प्रवासखर्च दिला, तर किती जणी परत येतील? एका रुग्णालयात, एक अर्धवेळ सहायक ठेवून वर्षभर हा अभ्यास होऊ शकतो. तुमच्या रकमेत थोडी भर घातली की जमेल. नैतिकता समितीची मंजुरी मात्र रुग्णालयाने घ्यायची, त्याला वेळ लागतो.

गिरगावचा_ढोल
हे पटलं. यात डोळ्यांनी दिसेल असंही काहीतरी आहे. किती बाळं परत आली ते मोजता येईल. तरी थोडा भाग केबल-बॅटरीसाठी ठेवा, बदलापूरच्या ताईंचं वाचून राहवत नाही. स्मरणिकेच्या पाच जाहिराती मी आणतो, गिरगावातले दुकानदार माझ्या ओळखीचे आहेत.

लॅबकरी
पैसे देताना एक लिहून घ्या. निष्कर्ष चांगला येवो की वाईट, प्रसिद्ध करायचा. फोन करूनही आया आल्या नाहीत, तर तेही कळायला हवं. आणि संस्था सरकारी असेल तर देणगी घेते का, कोणत्या खात्यावर घेते, हे आधी लेखी विचारा.

दादरचे_नाना
तारीख? ३ मार्चला जागतिक श्रवण दिन असतो असं नातवाने सांगितलं.

माहीमकर
मार्चमध्ये दहावी-बारावी, अर्धं पार्लं घरात कोंडलेलं असतं.

स्वरमेळ
दिवाळीनंतरच करू, हॉलसाठी अर्ज आधीच दिलाय. आज संध्याकाळी गटात हा सगळा धागा वाचून दाखवला. तिकीट ३०० ठेवतोय. पैसा थेट ट्रस्टच्या खात्यात जाईल. मोठा वाटा बाळांच्या पुन्हा तपासणीच्या अभ्यासाला, थोडा केबल-बॅटरीला. कर्णिका, दोन सार्वजनिक रुग्णालयांच्या श्रवण विभागांना पत्र लिहायचंय, मसुदा तपासून द्याल का? कार्यक्रमात तबला-ढोलकीची जुगलबंदी वाढवली आहे. आणि पत्रकावर काकांचा सल्ला छापतोय : अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर. हे त्यांनीच सुचवलं.

कर्णिका
मसुदा पाठवा, रविवारी बघते.

हिशेबनीस
ट्रस्टचं ८०जी प्रमाणपत्र चालू आहे ना, ते आधी तपासा. मुदत संपलेली असते आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

शांत_समुद्र
पडद्यावर काळ्यावर पांढरी अक्षरं ठेवा, मोठी, एका वेळी दोनच ओळी. मागे फुलांची चित्रं नकोत, वाचता येत नाही. निवेदनही लिहून दाखवा, नुसती गाणी नको. विनोदावर सगळे हसतात तेव्हा आम्हालाही कारण कळू दे. दुभाष्यावर दिवा हवा, हॉल अंधारा केला की तो दिसत नाही. तालमीची तारीख कळवा. मी आणि बायको शेवटच्या रांगेत बसून वाचून बघतो आणि काय काय बदलायचं ते तिथेच सांगतो.